कवट्या मोजणारी विद्यार्थिनी

गेल्या मासांत आमच्या घरीं एक प्रश्न उपस्थित झाला. धाकट्या बंधूंची नात येथील शिवाजी विद्यापीठांत शिकते. तिला संशोधनासाठीं टांझानियांत कांहीं मास राहावयाचें आहे. आठ दिवस माजघरांत व सोप्यावर याच विषयाचा खल चालला. आमचें मत विचारण्यांत आलें, तेव्हां होकार वा नकार न देतां आम्हीं इरावतीबाई कर्वे यांची हकीकत सांगितली. तीच वाचकांपुढें ठेवितों.

इरावतीबाईंचा जन्म १५ डिसेंबर १९०५ रोजीं ब्रह्मदेशांत झाला. तेथील इरावती नदीवरून त्यांचें नांव ठेविलें. शिक्षणासाठीं लहानपणींच त्या पुण्यास हुजूरपागेंत आल्या. मुंबईस डॉ. घुर्ये यांच्या हाताखालीं १९२८ सालीं एम्. ए. झाल्यावर त्यांनीं जर्मनीस जावें असें पति दिनकरराव यांनीं ठरविलें. आश्चर्य हें कीं, ज्यांनीं स्त्रीशिक्षणासाठीं देह झिजविला त्या श्वशुर अण्णासाहेब कर्वे यांचाच या बेतास विरोध होता. मग आमच्या सोप्यावर वाद झाला यांत नवल तें काय! डॉ. जीवराज मेहता यांजकडून कर्ज काढून बाई निघाल्या.

बर्लिन येथील मानवशास्त्र संस्थेचे प्रमुख ऑयगेन फिशर हे त्यांचे गुरु. या गृहस्थांनीं १९०८ सालीं नैर्ऋत्य आफ्रिकेंतील जर्मन वसाहतींत रेहोबोथ येथें जाऊन संमिश्र वंशाच्या कुटुंबांचीं मापें घेतलीं होतीं. वंशावंशांतील उच्चनीचता उपजत आहे, अशी त्यांची खात्री. गोऱ्या युरोपीयांच्या कवटीच्या दोन बाजू विषम असतात व ती विषमता श्रेष्ठ बुद्धीची खूण होय, हें अनुमान पडताळण्याचें काम त्यांनीं बाईंस दिलें. बाईंनीं १४९ कवट्या बारकाईनें मोजल्या. त्यांत पूर्व आफ्रिकेंतून आणलेल्याही होत्या. योगायोग असा कीं, बाईंच्या जन्मवर्षींच, १९०५ सालीं, त्या वसाहतींत जर्मन सत्तेविरुद्ध ‘माजी माजी’ उठाव झाला व तो निर्दयपणें चिरडला गेला. तेथून बर्लिनला गेलेल्या कवट्यांपैकीं कित्येक थडगीं उकरून नेलेल्या. मृतांच्या आप्तांची अनुज्ञा विचारतो कोण?

मापें पूर्ण झालीं. वंशाचा व त्या विषमतेचा कांहींएक संबंध आढळला नाहीं. परदेश, डोक्यावर कर्ज, पदवी गुरूंच्या हातीं. अशा स्थितींत बाईंनीं जें आढळलें तेंच लिहिलें. शिष्याकडून पराजय व्हावा अशी गुरूनें इच्छा धरावी, हा आपल्याकडील जुना दंडक. फिशर यांस तो मानवला नाहीं. पदवी मिळाली, पण अगदीं खालच्या श्रेणीची. पुढें हेच गृहस्थ नाझी राजवटीच्या सेवेंत रमले.

स्वदेशीं परतल्यावर १९३९ पासून बाई डेक्कन कॉलेजांत होत्या. माणसें मोजण्याचीं उपकरणें त्यांनींही पुष्कळ वर्षें वापरलीं, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. परंतु त्या गांवोगांव हिंडल्या, लोकांच्या ओसरीवर बसल्या, आणि नातीं, घरें, रूढी यांचा अभ्यास केला. ‘युगान्त’ लिहिणारी दृष्टि अशा भ्रमंतींत घडली असावी, असें आम्हांस वाटतें.

२०२३ सालीं बर्लिनच्या संग्रहालयांतील पूर्व आफ्रिकेच्या कांहीं कवट्यांचे वंशज टांझानियांत जिवंत असल्याचें रक्तबीजाच्या परीक्षेनें सिद्ध झालें. शास्त्रज्ञांच्या लेखीं ज्या केवळ वस्तु होत्या, त्या कोणाच्या तरी आजोबांच्या निघाल्या!

हें ऐकून वहिनी बराच वेळ बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, “अग, तिथं कुणाच्या घरीं गेलीस तर आधीं त्यांचीं माणसं विचार, मग वहीं काढ.” संमति मिळाली हें मुलीनें ओळखलें, आणि आम्हांसही यापरता उपदेश सुचला नाहीं. सध्यां मेतकुटाचे डबे भरणें चालू आहे.