कुंपणालगतचा तपकिरी जीव

अहिल्यानगरलगतचे नागापूर औद्योगिक वसाहतीसाठी परिचित आहे. पावसाळ्यात कारखान्यांच्या कुंपणालगत उगवणारे गवत मात्र बहुधा निरुपयोगीच मानले जाते. दख्खनच्या अशाच कोरड्या गवताळ भागांत एक लहानसे तपकिरी फुलपाखरू वास करते. इंग्रजीत त्यास ‘कॉमन थ्री-रिंग’ म्हणतात.

पंख पसरूनही त्याची रुंदी चार सेंटीमीटरच्या आतच भरते. पुढच्या पंखावर पिवळ्या कड्याचा काळा ‘डोळा’ आणि त्यात दोन चकाकते ठिपके असतात. शत्रूचा घाव या खोट्या डोळ्यावर पडला, तर पंखाची कड फाटते. जीव मात्र वाचतो. पावसाळ्यात हे डोळे ठळक असतात. कोरड्या ऋतूत जन्मणाऱ्या पिढीच्या पंखांखालचे डोळे ठिपक्यांएवढे बारीक होतात आणि ते वाळल्या गवतात दिसेनासे होते. त्याचे उडणेही मंद, हेलकावे घेत, जमिनीलगत.

मादी अंडी घालते ती गवतात. अळीचे अन्नही गवतच. त्यामुळे साफसफाईसाठी गवत पेटविले, की राखेत एक अख्खी पिढी जाते. जिल्ह्यात काळविटांसाठी 1980 साली रेहेकुरी अभयारण्य झाले; या मुक्या रहिवाशासाठी कोणती हद्द आखलेली नाही.

जैन जीवविचारात फुलपाखरू चतुरिंद्रिय गणले जाते. चातुर्मासात पाऊल जपून टाकणाऱ्या घरांना निराळे सांगणे नलगे. आवारातील गवत न जाळता टप्प्याटप्प्याने कापावे, एक पट्टा तसाच राखावा. व्यवहारात तोटा नाही. जमेच्या बाजूस मात्र कितीतरी जीव.