तांबडा, निळा आणि गढूळ
गोड्या पाण्यातले सगेसोयरे : भाग ७

गेल्या आठवड्यात सिक्लिड माशांच्या घशातला दुसरा जबडा पाहिला. जबड्याचं एक बरं असतं, तो माशाच्या मालकीचा असतो. मासा मेला, फॉर्मॅलिनच्या बाटलीत गेला, संग्रहालयाच्या फळीवर वर्षानुवर्षं पडून राहिला, तरी जबडा जागच्या जागी. रंग मात्र बाटलीत उतरला की उडायला लागतो, आणि जुन्या नमुन्यांवरून जाती ओळखणाऱ्यांची त्यामुळे चांगलीच पंचाईत होते. यावरून रंग ही वरवरची बाब आहे आणि खरी ओळख हाडांत आहे, असं समजण्याकडे आपला कल असतो. मला हे उलटं वाटतं. पूर्व आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया सरोवरात निदान दोन जाती एकमेकींपासून वेगळ्या राहतात त्या मुख्यतः रंगाच्या जोरावर. आणि तो रंगही सगळा माशाच्या कातडीत नसतो. निम्मा पाण्यात असतो.

हे दोन मासे सरोवराच्या दक्षिणेला, टांझानियातल्या म्वांझा आखातात, खडकाळ बेटांच्या कडेनं राहतात. एक पुंडामिलिया पुंडामिलिया. स्वाहिलीत ‘पुंडा मिलिया’ म्हणजे झेब्रा, शब्दशः पट्ट्यांचं गाढव. दुसरा पुंडामिलिया न्येरेरेई, टांझानियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे यांच्या नावाचा. (उजनी धरणातली चिलापी आणि गोव्यात ज्याला कालुंदर म्हणतात तो मासा, हेही याच सिक्लिड कुळातले.) दोघेही वितीपेक्षा आखूड, दोघांच्या अंगावर उभे काळे पट्टे. फरक पडतो तो नरांच्या रंगात. पुंडामिलियाचा नर निळसर करडा, पाठीवरचा पर पत्र्यासारखा निळा चकाकणारा. न्येरेरेईच्या नराची पाठ आणि पाठीवरचा पर लालभडक, कुशी पिवळ्या. माद्या दोन्हीकडच्या मळकट, करड्या-पिवळ्या. शेजारी शेजारी ठेवल्या तर जाणकारही गोंधळेल. हे रंग बनतात कसे तेही पाहण्यासारखं आहे. काळे पट्टे म्हणजे मेलॅनिनचे कण भरलेल्या पेशी. कण पेशीभर पसरले की पट्टा गडद, मध्यभागी गोळा झाले की पुसट, त्यामुळे भांडणाच्या भरात मासा बघता बघता वेगळा दिसू लागतो. तांबड्या-पिवळ्यात खाण्यातून आलेल्या कॅरोटिनॉइडचा वाटा असतो. निळ्याला तर रंगद्रव्यच नाही. ग्वानिनच्या बारीक स्फटिकांच्या थरांवरून उजेड परततो तो निळा होऊन. मोरपिसाचं निळेपणही असंच रचनेतून येतं, फक्त सामग्री वेगळी.

म्हणजे अंगावर पडणाऱ्या उजेडातच निळा नसेल तर निळा मासा निळा दिसणार नाही, आणि इथेच पाणी मध्ये येतं. समुद्रात खोल जावं तसा आधी तांबडा उजेड विरतो आणि निळा उरतो, हे आपण शाळेत शिकलेलो असतो. व्हिक्टोरियात गणित उलटं आहे. तिथल्या पाण्यातले तरंगते कण, शेवाळ आणि विरघळलेला सेंद्रिय माल निळा उजेड आधी गिळतात. उथळ पाण्यात सगळे रंग असतात, पण काही मीटर खाली उरतो तो नारिंगी-तांबडा उजेड. निळसर पुंडामिलिया राहतो किनाऱ्यालगत उथळ पाण्यात, तांबडा न्येरेरेई त्याच्याखाली. डोळ्यांचीही तशीच वाटणी झाली आहे. लांब तरंगलांबी टिपणाऱ्या ऑप्सिन प्रथिनाचे दोन नमुने या माशांत सापडतात, त्यांच्या संवेदनशीलतेत जेमतेम १५ नॅनोमीटरचा फरक; तांबड्याकडे झुकलेला नमुना तांबड्या माशाकडे. मादी डोळ्यांनी वर निवडते. तिला जे ठळक दिसतं ते तिला आवडतं, आणि ठळक काय दिसणार हे ती किती खोलीवर वाढली यावर ठरतं. ओले झेहाउझेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली ‘नेचर’मध्ये ही साखळी बेटागणिक उलगडून दाखवली. दोरीला पांढरी तबकडी बांधून ती दिसेनाशी होईपर्यंत पाण्यात सोडायची, ही पारदर्शकता मोजायची जुनी साधी रीत. माकोबे बेटापाशी तबकडी दोन मीटरच्या आसपास दिसत राहते, आणि तिथे तांबडे-निळे मासे स्पष्ट वेगळे. आखाताच्या आतल्या लुआन्सो बेटापाशी ती अर्ध्या मीटरवरच नाहीशी होते. तिथे दोन जाती नाहीतच. आहे ती मधल्या, विटक्या रंगांची एकच सरमिसळ.

यावर पहिली शंका येईल ती नाईल पर्चची. १९५०च्या दशकात सरोवरात सोडलेला हा मोठा शिकारी मासा १९८०च्या दशकात बेसुमार वाढला, आणि जाती नाहीशा झाल्याचं खापर त्याच्यावर फुटतं. ते योग्यही आहे, पण मोकळ्या पाण्यातल्या आणि तळावरच्या माशांपुरतं. खडकांच्या कपारीत राहणाऱ्यांना त्याची झळ कमी लागली, तरीही गढूळ ठिकाणी खडकांवरच्या जाती कमी आणि रंग फिके, असं झेहाउझेन, फान आल्फेन आणि विट्टे यांनी १९९७ साली ‘सायन्स’मध्ये नोंदवलं होतं. पर्च मासे खाऊ शकतो. तांबडा आणि निळा मिसळून त्यांचा विटका करणं त्याच्या हातात नाही.

दुसरी शंका जास्त वजनदार आहे. बेटाबेटांत फक्त गढूळपणाच वेगळा नसतो; उतार, खोली, खाणं सगळंच वेगळं असतं. मग रंगालाच श्रेय का द्यायचं? याचं उत्तर काचेच्या टाकीत मिळालं. पांढऱ्या उजेडात माद्या आपापल्या जातीचा नर बिनचूक ओळखत होत्या. त्याच टाकीवर फक्त नारिंगी उजेड सोडला, रंगांमधला फरक पुसला, आणि निवड ढासळली. पुढे असंही दिसलं, की दोन्ही जातींची पिल्लं आपापल्या खोलीसारख्या उजेडात जास्त संख्येनं जगतात, परक्या उजेडात कमी. रंग हा नुसता लग्नापुरता मांडव असता तर पिल्लांच्या जगण्यामरण्याशी त्याचा संबंध आला नसता.

तिसरी शंका अशी, की दिवा बदलताच ज्यांची सोयरीक जमते, त्यांना वेगळ्या जाती म्हणायचं तरी कशाला? त्यांचे संकर धडधाकट आणि प्रजननक्षम असतात, हे खरंच आहे. उलट २०१७ साली जनुकांच्या अभ्यासातून पुढे आलं, की आखातातल्या काही बेटांवरची तांबडी-निळी जोडी पूर्वी झालेल्या संकरातूनच पुन्हा वेगळी झालेली आहे. म्हणजे मिसळणं हा दर वेळी शेवट नसतो, एवढं मान्य करायला हवं. पण यातूनच माझा मुद्दा पक्का होतो. सुमारे १५,००० वर्षांपूर्वी हे सरोवर कोरडं पडलं होतं, आणि त्यानंतर शेकडो जाती घडल्या. इतक्या थोड्या काळात शरीरांमध्ये कुलूप घालायला वेळच मिळालेला नाही. मधली भिंत आहे ती नजरेची, आणि ती उभी आहे नितळ पाण्यात. काठावरची जंगलं गेली, शेतांतली माती आणि गावांचं सांडपाणी आत आलं, शेवाळ फोफावलं, की एकही मासा न मारता ती भिंत खचते. संरक्षित जातींच्या यादीत माशांची नावं येतात. तबकडी किती खोल दिसते, हा आकडा त्या नावांशेजारी लिहिलेला क्वचितच आढळतो.

या दोन्ही नरांच्या पोटामागच्या परावर पिवळे-नारिंगी गोल ठिपके असतात, थेट अंड्यांसारखे दिसणारे, आणि मादी तर अंडी तोंडात सांभाळते. ते ठिपके कोणासाठी, मादीसाठी की दुसऱ्या नरासाठी, हे पुढच्या आठवड्यात.