शाकाहार आणि समतोल

शाकाहार आरोग्यास हितकर आहे, ही समजूत निराधार नाही. कडधान्ये व भाज्यांतील चोथा रक्तातील कोलेस्टेरॉल आटोक्यात ठेवण्यास साहाय्य करतो. परंतु केवळ मांस वर्ज्य केल्याने ताट सकस होत नाही. बटाटेवडा आणि गोड चहा हाही शाकाहारच! धान्यात उणा पडणारा लायसिन हा प्रथिनघटक डाळ पुरविते. म्हणूनच वरण-भात, पिठले-भाकरी या जोड्या शास्त्रालाही मान्य आहेत. बी-१२ जीवनसत्त्वासाठी मात्र दूध-दही हवे. तेही वर्ज्य असल्यास पूरक औषध आवश्यक ठरते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये २,००० उष्मांकांच्या शाकाहारी ताटात ८५ ग्रॅम डाळी-कडधान्ये व ४०० ग्रॅम भाज्या सुचविल्या. महागाईत पहिली कात्री लागते ती नेमकी यांनाच! शाकाहाराचा कैवार घेणाऱ्यांनी डाळीच्या भावाचीही चिंता वाहिली पाहिजे.