ताटातील उष्मांक – लेखांक पाचवा : कोंबडीच्या छातीचे मांस, त्याचे वजन आणि त्यातील ऊर्जा

तांदूळ शिजताना पाणी शोषून घेतो आणि त्यामुळे त्याचे वजन वाढते, हे मागील लेखात पाहिले. मांसाच्या बाबतीत याच्या नेमके उलट घडते, आणि कोंबडीच्या छातीचे मांस, म्हणजे दुकानात ‘बोनलेस ब्रेस्ट’ म्हणून मिळणारा तुकडा, वजन करून त्याचे उष्मांक काढताना होणाऱ्या बहुतेक चुका या एकाच गोष्टीकडे दुर्लक्ष झाल्याने होतात.

अमेरिकी कृषी खात्याच्या आहारमूल्य तक्त्यांमध्ये हाडे व कातडी काढलेल्या कच्च्या छातीच्या मांसासाठी दर 100 ग्रॅमला सुमारे 120 किलोकॅलरी, तर तेच मांस भट्टीत भाजल्यानंतर दर 100 ग्रॅमला 165 किलोकॅलरी असे दोन आकडे आढळतात. (एक किलोग्रॅम पाण्याचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढवण्यास लागणारी उष्णता म्हणजे एक किलोकॅलरी, बोलण्यात तिलाच नुसते ‘कॅलरी’ म्हणतात.) भाजल्याने मांसात ऊर्जेची भर पडली, असा या दोन आकड्यांचा अर्थ काढणे चूक ठरेल. कच्च्या मांसात वजनाचा जवळपास तीन चतुर्थांश भाग पाण्याचा असतो. उष्णता लागली की स्नायूंतील प्रथिने आकुंचन पावतात, त्यांनी धरून ठेवलेले पाणी बाहेर पडते आणि 100 ग्रॅमचा तुकडा साधारणतः 73 ग्रॅमवर येतो. पाण्याला वजन असते, पण त्यात उष्मांक नसतात, म्हणून त्या 73 ग्रॅममध्ये मूळच्या 120 किलोकॅलरी जवळजवळ तशाच राहतात आणि दर 100 ग्रॅमचा हिशेब मांडला की त्या 165 दिसतात.

हे आकडे मुळात कसे आले, हेही समजून घेण्याजोगे आहे, कारण त्यावरून वाचकाला कोणत्याही पाकिटावरचा आकडा स्वतः पडताळता येतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील वेस्लियन विद्यापीठात विल्बर ॲटवॉटर या रसायनशास्त्रज्ञाने बंद कक्षात माणसांना ठेवून त्यांनी खाल्लेले अन्न, शरीराने बाहेर टाकलेली उष्णता आणि उत्सर्जित पदार्थ यांचे मोजमाप केले. त्या परंपरेतून प्रथिने व कर्बोदके यांच्या प्रत्येक ग्रॅमला 4 आणि स्निग्ध पदार्थांच्या प्रत्येक ग्रॅमला 9 किलोकॅलरी हे सर्वमान्य गुणक रूढ झाले. प्रयोगशाळेत जाळल्यास प्रथिनांतून याहून अधिक उष्णता मिळते, परंतु शरीर त्यांतील नायट्रोजन युरियाच्या रूपाने बाहेर टाकते आणि त्याबरोबर काही ऊर्जाही जाते, म्हणून गुणक कमी धरावा लागतो. छातीच्या मांसात कर्बोदके जवळजवळ नसतात. भाजलेल्या 100 ग्रॅममध्ये 31 ग्रॅम प्रथिने आणि 3.6 ग्रॅम स्निग्ध पदार्थ धरले, तर सर्वसाधारण गुणकांनी सुमारे 156 किलोकॅलरी येतात. मांसासाठी स्वतंत्रपणे ठरवलेले 4.27 आणि 9.02 हे गुणक वापरले की 165 येतात. एकाच मांसाचे दोन ठिकाणी किंचित वेगळे आकडे दिसल्यास त्यामागे बहुधा हे कारण असते आणि त्याने बिथरून जाण्याची गरज नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतीय अन्नघटक तक्त्यांत ऊर्जा किलोज्यूलमध्ये दिलेली आहे; त्या आकड्याला 4.184 ने भागले की किलोकॅलरी मिळतात.

बिथरण्याजोगी चूक मात्र वेगळी आहे. शिजलेले 200 ग्रॅम मांस ताटात वाढून घेऊन त्याला कच्च्याचा आकडा लावला, तर 330 ऐवजी 240 किलोकॅलरींची नोंद होते, म्हणजे प्रत्येक वेळी 90 किलोकॅलरी हिशेबातून निसटतात. उलट कच्च्या 200 ग्रॅमला शिजलेल्याचा आकडा लावला, तर तेवढ्याच जास्त धरल्या जातात. यावर सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे कच्चे असतानाच वजन करणे, कारण किती पाणी सुटेल हे आच, वेळ आणि पद्धत यांवर अवलंबून असते आणि तव्यावर कोरडा झालेला तुकडा व हलका उकडलेला तुकडा यांचे शिजल्यानंतरचे वजन सारखे येत नाही.

कातडीचा प्रश्न महाराष्ट्रात फारसा उद्भवत नाही, कारण येथे कोंबडी बहुधा सोलूनच दिली जाते. तरीही ‘विथ स्किन’ मांस घेतले असल्यास कच्च्या 100 ग्रॅमला 120 ऐवजी सुमारे 172 किलोकॅलरी धराव्यात. हाडासह घेतलेल्या तुकड्यातून हाडाचे वजन वजा करावे.

खरा गोंधळ होतो तो तेलाने आणि वाटणाने. एक ग्रॅम तेलात 9 किलोकॅलरी असतात, तर सुक्या खोबऱ्याच्या 20 ग्रॅममध्ये सुमारे 130. म्हणजे एवढेसे खोबरे कच्च्या मांसाच्या शंभर ग्रॅमहून अधिक ऊर्जा देते, आणि तरीही नोंद होते ती केवळ मांसाची. घरच्या स्वयंपाकासाठी म्हणून संपूर्ण भांड्याचा हिशेब करणे योग्य ठरते. समजा 500 ग्रॅम कच्चे बोनलेस (600 किलोकॅलरी), 20 ग्रॅम तेल (180) आणि 100 ग्रॅम दही (सुमारे 60) घेऊन पदार्थ केला, तर एकूण 840 किलोकॅलरी झाल्या. भांड्याचे वजन वगळून तयार पदार्थ 480 ग्रॅम भरला, तर एका ग्रॅमला 1.75 किलोकॅलरी पडतात आणि 160 ग्रॅम वाढून घेणाऱ्याच्या पोटात 280 जातात. रस्सा असेल तर तोही या वजनात मोजावा, कारण तेलाचा मोठा भाग वर तरंगणाऱ्या तर्रीत असतो.

आहारतज्ज्ञांच्या आणि व्यायामशाळांच्या तक्त्यांत ‘चिकन 200 ग्रॅम’ एवढेच लिहिलेले असते आणि पथ्य पाळणारा माणूस प्रामाणिकपणे ते पाळूनही चुकीचा हिशेब करत राहतो. असे तक्ते लिहिणाऱ्यांनी ‘कच्चे’ किंवा ‘शिजवलेले’ हा एक शब्द त्यापुढे अवश्य लिहावा, आणि तो लिहिलेला नसेल तर वाचकांनी तो विचारून घ्यावा.