सर्फबोर्ड वळत का नाही?

मागच्या भागात आपण फळीवर उभं राहण्यापर्यंत आलो होतो, आज त्याच्या पुढचं. उभं राहता येतं, फेसाबरोबर सरळ किनाऱ्यापर्यंत जाता येतं, पण वळायचं म्हटलं की फळी ऐकतच नाही. मंगळूरजवळ मुल्कीला सुट्टी टाकून सर्फिंग शिकायला येणारी आमच्यासारखी आयटीतली मंडळी मला बरेचदा इथेच अडकलेली दिसतात. आणि हा नुसता स्टाइलचा मामला नाही. समोर अचानक कुणी पोहणारा आला तर फळीला ब्रेक नसतो, वळावंच लागतं.

व्हिडिओत आपल्याला दिसतं ते लाटेच्या माथ्यावरचं वळण, पाण्याचा पंखा उडवणारं. म्हणून सगळे तेच करायला जातात. पण ते वळण तयार होतं खाली, लाटेच्या पायथ्याशी. त्याला बॉटम टर्न म्हणतात. उतारावरून खाली आलात की वेग सगळ्यात जास्त असतो, आणि तो वेग घेऊन पुन्हा वर चढायचं असतं. हे जमलं नाही तर माथ्यापर्यंत पोचतो तेव्हा हातात काहीच उरलेलं नसतं.

आता फळी वळते कशी? घाटातली बाइक आठवा. आपण ती कलवतो. इथेही तसंच. फळीची कड, म्हणजे रेल, पाण्यात रुतवायची. फळीचा आकार मुळातच बाकदार, त्यामुळे कललेली फळी आपोआप गोलात जाते. वेग तोच ठेवून वळणाची त्रिज्या निम्मी केली, तर बाजूने लागणारा जोर दुप्पट होतो. अकरावीचं फिजिक्स, दुसरं काही नाही. हा जोर देतात रेल आणि खालचे फिन. १९८१ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सायमन अँडरसनने तीन फिनची फळी घेऊन बेल्स बीचची स्पर्धा जिंकली. त्याआधीच्या दोन फिनच्या फळ्या वेगवान होत्या, पण जोरात वळवताना शेपूट घसरायची. तिसऱ्या फिनने ती धरून ठेवली. आज दुकानात दिसणाऱ्या बहुतेक छोट्या फळ्या याच रचनेच्या असतात.

शरीराचा क्रम मी असा लक्षात ठेवतो: डोळे, खांदे, कंबर, गुडघे. लाटेकडे तोंड असेल तर पायथ्याशी गुडघे चांगले वाकवा, वजन पायाच्या बोटांवर आणा आणि नजर जिथे जायचंय तिथे, माथ्यावर. पुढचा हात पाण्याला टेकेल इतकं खाली. वर चढताना पाय सरळ होतात. माथ्याजवळ आलात की मान आणि खांदे किनाऱ्याकडे फिरवा, वजन टाचांवर. मागचा पाय फिनच्या वर हवा. तो फळीच्या मधोमध राहिला तर वळण मोठंच होणार, कितीही जोर लावा.

वेग नसताना नुसता मागचा पाय दाबला तर? शेपूट बुडतं, फळी उभ्या जागी थांबते.

माझं मत विचाराल तर छोटी फळी घ्यायची घाई करू नका. ती पटकन वळते हे खरं, पण लहान लाटेत वेग देत नाही. त्यापेक्षा पुण्यात घरी असताना सर्फस्केट चालवा. तिचा पुढचा ट्रक जास्त फिरतो, त्यामुळे खांद्यांपासून वळायची सवय पार्किंगमध्येही लागते. हेल्मेट मात्र घाला, डांबर समुद्राइतकं मऊ नसतं.

पाण्यात गेल्यावर एक सेशन फक्त बॉटम टर्नचं ठेवा. वळण्याआधी बाजूला बघा: लाट फुटते त्या जागेच्या सगळ्यात जवळ जो आहे, लाट त्याची. आणि पडलात तर वर येताना दोन्ही हात डोक्यावर घ्या, कारण लीश ताणली की फळी तुमच्याकडेच परत येते.