स्ट्रॉम्बोली : समुद्रातील जागता डोंगर

इटलीच्या दक्षिणेस, सिसिली बेटाच्या उत्तर किनाऱ्यापलीकडे, तिरेनियन समुद्रात सात लहान बेटांचा एक समूह आहे. ग्रीक पुराणकथांतील वायुदेव इओलस याच्या नावावरून त्यांस इओलियन बेटे म्हणतात. त्यांपैकी ईशान्येच्या टोकाचे बेट म्हणजे स्ट्रॉम्बोली. त्याच्या माथ्यावरील तांबूस प्रकाश रात्री दुरून दिसतो. पूर्वीचे खलाशी त्यावरून दिशा ओळखीत. म्हणून त्यास ‘भूमध्य समुद्राचा दीपस्तंभ’ हे नाव पडले.

सिसिलीतील मिलाझ्झो बंदरातून निघालेली नौका बेटाजवळ येऊ लागली, की प्रथम दिसतो तो धुराचा तुरा मिरवणारा एक शंकू. मग काळ्या वाळूचा किनारा आणि पांढरी, सपाट छपरांची घरे दृष्टीस पडतात. बेटाचे क्षेत्रफळ अवघे साडेबारा चौरस किलोमीटर, वस्ती काही शेंची. डोंगराची उंची ९२४ मीटर. परंतु त्याचा पायथा समुद्रसपाटीखाली सुमारे २,००० मीटर खोल आहे. म्हणजे ज्यास आपण बेट म्हणतो ते एका प्रचंड पर्वताचे केवळ शिखर होय. जवळच पाण्यातून वर आलेला एक उभा सुळका आहे. तो एका प्राचीन ज्वालामुखीच्या नळीत थिजलेला शिलारस होय. भोवतालचे कवच लाटांनी झिजवून नेले, गाभा तेवढा उरला.

संध्याकाळी अंधार दाटला, की खरा देखावा सुरू होतो. साधारणतः दहा ते वीस मिनिटांनी गडगडाट होतो आणि तप्त खडकांचे कारंजे आकाशात उडते. असे का व्हावे? चुलीवर दाट पिठले रटरटत असता तळचा बुडबुडा वर येऊन फुटतो व शिंतोडे उडतात, हे प्रत्येकाने पाहिले आहे. येथेही तसेच घडते. शिलारसात विरघळलेले वायू दाब कमी होताच वेगळे होतात. लहान बुडबुडे एकत्र येऊन मोठे होतात, नळीतून वर चढतात आणि विवराच्या तोंडाशी फुटतात. जगात कोठेही अशा प्रकारचे स्फोट झाले, तरी शास्त्रज्ञ त्यांस ‘स्ट्रॉम्बोलियन’ असेच म्हणतात.

बाहेर पडलेले बरेचसे तप्त दगड वायव्येकडील ‘शिआरा देल फुओको’ या ओसाड उतारावरून गडगडत समुद्रात जातात. गावे त्या बाजूस नाहीत, म्हणूनच येथे मनुष्यास राहता आले. पण ही नियमितता म्हणजे अभयदान नव्हे. ११ सप्टेंबर १९३० रोजी झालेल्या भीषण उद्रेकात काहींचे प्राण गेले, आणि परदेशी जाणाऱ्यांचा आधीच सुरू असलेला ओघ वाढला. ३० डिसेंबर २००२ रोजी त्या उताराचा मोठा भाग समुद्रात कोसळला. उसळलेल्या लाटा काही ठिकाणी सुमारे १० मीटर उंचीपर्यंत चढल्या. हिवाळ्यामुळे किनाऱ्यावर माणसे थोडी होती, म्हणून प्राणहानी टळली. ३ जुलै २०१९ रोजी पुन्हा मोठा स्फोट होऊन डोंगरावर गेलेला एक प्रवासी मृत्युमुखी पडला. त्यानंतर प्रवाशांना शिखरापर्यंत जाऊ देणे बंद करण्यात आले.

आज डोंगराच्या अंगावर जागोजागी उपकरणे बसविलेली आहेत. कोणी जमिनीचा कंप टिपते, कोणी उष्णता, कोणी तिचा कल. २०१९ मधील नोंदी तपासता असे आढळले, की मोठ्या स्फोटापूर्वी सुमारे दहा मिनिटे डोंगर किंचित फुगतो. हा फुगवटा डोळ्यांस दिसत नाही. यंत्रांस मात्र तो कळतो.

दहा मिनिटे म्हणजे काही फार मोठा अवधी नव्हे. तेवढ्यात शिखरावरून खाली उतरणे अशक्यच. परंतु भोंगा वाजताच किनारा सोडून उंचावर जाणे शक्य आहे. ज्या डोंगराच्या प्रकाशावर खलाशांनी विश्वास ठेवला, त्याच्या कुशीत राहणाऱ्यांनी त्याच्यावर सतत पाळत ठेवली पाहिजे, हाच या बेटाचा धडा होय.