महावीराचार्यांची अंकमाळ

वरंधचा घाट चढून माथ्यावर गेलेला वाटसरू त्याच वाटेने परततो, तेव्हा तीच वळणे त्याला उलट क्रमाने भेटतात. महावीराचार्यांची एक संख्या अशीच आहे : १२३४५६५४३२१. एकापासून सहापर्यंत चढणारी आणि पुन्हा एकावर उतरणारी.

राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या काळात, इ. स. ८५० च्या सुमारास रचलेल्या ‘गणितसारसंग्रहा’त ती २७९९४६८१ गुणिले ४४१ या उदाहरणाचे उत्तर म्हणून येते. अशा काही गुणाकारांना आचार्य कंठाभरणाची उपमा देतात.

या माळेचा दोरा कोणता? ४४१ हा २१ चा वर्ग, २७९९४६८१ हा ५२९१ चा वर्ग. आणि २१ गुणिले ५२९१ म्हणजे ११११११. या सहा एकांचा वर्ग पाटीवर मांडावा. सहा ओळी येतात, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. उभ्या बेरजा एकापासून सहापर्यंत वाढतात व तशाच घटतात. कोठेही हातचा येत नाही, म्हणून माळ अखंड राहते.

हा ग्रंथ १९६३ साली सोलापूरच्या जैन संस्कृति संरक्षक संघाने हिंदी अनुवादासह प्रसिद्ध केला. पूर्वाचार्यांचा गौरव आपण वारंवार करतो. त्यांचा हा एक गुणाकार मुलांना जवळ बसवून स्वहस्ते करावा, तोही स्वाध्यायच होय.